माळ्यावरची ट्रंक

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेल, आणि तिच्यात डांबराच्या गोळ्या. रत्नागिरीच्या पावसात कपडे टिकवायचे, तर दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नव्हता. लेक बाळंतपणाला आली तेव्हा श्रावणाची झड लागलेली. धुतलेले काही वाळेना. आईच्या जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी मी ट्रंकेतून काढली आणि तशीच बाळाला गुंडाळली.

पाचव्या दिवशी बाळ हळदीसारखे पिवळे झाले. बालरोगतज्ज्ञांनी दुपटे नाकाशी नेले आणि विचारले, "आजी, यात डांबराच्या गोळ्या होत्या का?" मी होय म्हटले, आणि पुढचे चार दिवस निळ्या दिव्याखालच्या त्या जिवाकडे मान वर करून पाहू शकले नाही.

बाळाच्या रक्तात 'जी-सिक्स-पीडी' हे विकर उणे होते. ग्लुकोजवर प्रक्रिया करताना हे विकर तांबड्या पेशींना संरक्षक द्रव्य पुरवते. ते अपुरे असेल, तर नॅफ्थलीनसारख्या पदार्थांपुढे पेशी फुटतात. जगात सुमारे चाळीस कोटी लोकांत ही उणीव आहे. तिच्या एका प्रकाराच्या नावात तर आपले कल्याण आहे. बाकल्याच्या शेंगाही वर्ज्य, असे कळल्यावर माझा पहिला प्रश्न कडव्या वालांविषयी होता. ती वनस्पती निराळी, हे ऐकून जीव भांड्यात पडला. बिरड्याविना कोकणातले पोर वाढायचे कसे?

शेजारची मुलगी मुंबईत जीवरसायनशास्त्र शिकते. हे विकर हुडकण्यासाठी प्रयोगशाळेत प्रतिपिंडे वापरतात, असे तिने सांगितले. मानवी विकर सशाला टोचले, की त्याचे शरीर त्याला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे घडवते. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशातून अगदी एकसारखी प्रतिपिंडे मिळवण्याची रीत काढली. मग बाळाची तपासणी तशी का केली नाही? ती म्हणाली, "काकू, प्रतिपिंड विकराचे रूप ओळखते, काम नव्हे. गडी हजर आहे एवढे कळते. तो राबतो की नुसता बसून आहे, हे नाही." म्हणून रुग्णाच्या रक्तात विकराला त्याचे खाद्य देऊन ते काम करते का, हेच पाहतात, काम झाले, तर तो थेंब अतिनील प्रकाशात चमकतो. पेशी नुकत्याच फुटलेल्या असताना मात्र ही तपासणी फसू शकते, कारण उरलेल्या कोवळ्या पेशींत विकर अधिक असते. आमचीही तीन महिन्यांनी पुन्हा झाली, तेव्हाच निदान पक्के ठरले.

ही उणीव मुलाला आईकडून येते. लेकीकडे ती माझ्याकडून आली की तिच्या वडिलांकडून, हे आम्ही तपासलेले नाही. पण माझ्या धाकट्या भावाला हिवतापात प्राइमाक्विन दिले होते, तेव्हा त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. आम्ही ते तापाच्या माथी मारले. परवा त्याला दूरध्वनी करून तपासून घ्यायला सांगितले. त्याला दोन नाती आहेत.

नातवाच्या फाइलीवर लेकीने लाल शाईने वर्ज्य औषधांची नावे लिहिली आहेत. प्राइमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन. ट्रंक मी रिकामी केली. दुपटी तीनदा धुऊन, आश्विनाच्या उन्हात वाळवूनही वास गेला नाही. आता त्यांची पायपुसणी झाली आहेत.