दर टेस्टला कोरी पाटी

जेयुनिटची एक सवय मला फार आवडते. एका क्लासमध्ये तुम्ही दहा टेस्ट मेथड लिहिल्यात, तर तो त्या क्लासचे दहा ऑब्जेक्ट बनवतो. प्रत्येक टेस्टला नवा. आधीच्या टेस्टने फील्डमध्ये काय भरून ठेवलं, याचा पुढचीला पत्ताच नसतो. कॉलेजात आम्ही ‘गाडी हा क्लास, मारुती हा ऑब्जेक्ट’ असं घोकून पास झालो (तुम्हीही झाला असाल), पण ऑब्जेक्ट नवा असण्याचा फायदा काय, हे तिथे कुणी सांगितलं नाही.

कल्पना जेयुनिटच्या आधीची. केंट बेकने ती स्मॉलटॉकच्या एसयुनिटमध्ये मांडली होती. १९९७ मध्ये तो आणि एरिक गामा झुरिकहून अटलांटाला निघाले आणि त्या विमानप्रवासात जेयुनिट जन्माला आलं.

पण एक चोरवाट राहतेच, ती म्हणजे स्टॅटिक. स्टॅटिक व्हेरिएबल क्लासचं असतं. ऑब्जेक्ट कितीही नवे करा, ते तेच राहतं.

माझ्या पहिल्या कंपनीत आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. एक लाखाची ठेव, आठ टक्के, एक वर्ष: व्याज ८००० यायला हवं. ही टेस्ट एकटी चालवली की हिरवी, सगळ्यांबरोबर चालवली की लाल: ८५००. रिलीज दोन दिवसांवर.

“फ्लेकी आहे. डिसेबल्ड लावा आणि पुढे चला,” टीम लीड म्हणाले. फ्लेकी हा शब्द म्हणजे डॉक्टरांचं ‘व्हायरल आहे’. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या डेस्कवरची एक सीनियर, जिला सगळे ताई म्हणायचे, तेवढी म्हणाली, “सर, मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या.”

तिने टेस्ट दोन-दोनच्या जोड्या करून चालवल्या. नुकत्याच आलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या टेस्टनंतरच ही लाल व्हायची. व्याजदर एका स्टॅटिक मॅपमध्ये होते. ज्येष्ठ नागरिक आले की कोड अर्धा टक्का वाढवायचा, पण वेगळा दर काढून नव्हे. मॅपमधलाच आकडा बदलून. मागून येणाऱ्याला तोच वाढीव दर.

आता टेस्ट सोडा, खरी शाखा डोळ्यांपुढे आणा. सर्व्हर महिनोन् महिने चालू. सकाळी एक आजोबा ठेव ठेवायला येतात, दर साडेआठ. मग एक आजी येतात, नऊ. पेन्शनच्या आठवड्यात कुठवर चढेल, तुम्हीच मोजा. आणि रात्री कुणी सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं पुन्हा आठवर, शोधायला खूणही नाही.

ताईने दोन ओळी बदलल्या. रिलीज एक दिवस उशिरा गेलं. क्लायंटला गेलेल्या मेलमध्ये कारण लिहिलं होतं: ‘मायनर टेस्टिंग इश्यू’.