पैसे पैशांतच परत माग

विटा,
जानेवारी 2026

प्रिय बाळू,


परवा फोनवर तू म्हणालास, "जाऊ दे आक्का, क्रेडिट दिलंय म्हणतात, पुढच्या खेपेला वापरू." दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी पुढं बोलले नाही. पण ते मला पटलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

तू पाठवलेला मेसेज मी नीट वाचला. विमान "ऑपरेशनल कारणामुळे" रद्द, एवढंच वर लिहिलंय. त्याखाली क्रेडिटचं मोठं निळं बटण आणि अगदी तळाला बारीक अक्षरात रिफंड. घाईतला माणूस निळ्या बटणावरच बोट ठेवणार. क्रेडिट म्हणजे आपले पैसे त्यांच्याकडंच राहणार, आणि मुदतीच्या आत पुन्हा त्यांच्याच विमानानं गेलास तरच ते वळते होणार.

विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा नियम यावर स्पष्ट आहे. क्रेडिट घ्यायचं की पैसे, हे प्रवाशानं ठरवायचं; कंपनीनं परस्पर ठरवायचं नाही. कार्डानं पैसे भरले असतील तर 7 दिवसांत परत करायचे. रोखीनं कंपनीच्या कार्यालयात तिकीट काढलं असेल तर तिथल्या तिथं. गलाईवाल्याला हे मी काय सांगावं! मोडीचं सोनं आणून देणाऱ्याला तू ते गाळून, कस बघून, शुद्ध सोनंच वजनाला परत देतोस. पुढच्या वर्षीची चिठ्ठी हातात देत नाहीस. खानापूर-आटपाडीकडची आपली माणसं केरळपासून बंगालपर्यंत सराफकट्ट्यांवर टिकली ती याच व्यवहारामुळं.

तुझं तिकीट एजंटकडून काढलेलं. आता एजंट म्हणतो कंपनीनं पैसे दिले नाहीत, कंपनी म्हणते एजंटला विचारा. या टोलवाटोलवीत पडू नकोस. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, म्हणून परताव्याची जबाबदारी नियमानं कंपनीवरच आहे. दोघांनाही एकाच ईमेलमध्ये लिही.

भरपाईचंही विसरू नकोस. विमान रद्द झाल्याचं आधी 24 तास तरी कळवायला हवं होतं, तुला तर निघायच्या दिवशी पहाटे कळलं. अशा वेळी तिकिटाच्या पैशांखेरीज भरपाई मिळते: प्रवास एक तासापर्यंतचा असेल तर 5,000, दोन तासांपर्यंतचा असेल तर 7,500 आणि त्याहून मोठा असेल तर 10,000 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. खराब हवामान, संप असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही. पण तिकिटाचे पैसे तेव्हाही परत द्यावेच लागतात. म्हणून नेमकं कारण लेखी माग.

कंपन्यांना पैसे परत करणं जमत नाही असं समजू नकोस. गेल्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. सरकारनं 7 तारखेच्या रात्री 8 ची मुदत घालून दिली, आणि त्या दिवसापर्यंत 610 कोटींचे परतावे झाले. कोविडच्या टाळेबंदीत सर्वोच्च न्यायालयानं 1 ऑक्टोबर 2020 ला कंपन्यांना क्रेडिटची सवलत दिली, तीसुद्धा 31 मार्च 2021 पर्यंतच. त्यानंतर उरलेले पैसे परत करायचे होते. युरोपात तर 2005 पासून प्रवाशाच्या सहीशिवाय पैशांऐवजी व्हाउचर देताच येत नाही.

आणि क्रेडिटची खरी भीती वेगळीच आहे. गो फर्स्टची विमानं 3 मे 2023 ला थांबली ती पुन्हा उडालीच नाहीत. जानेवारी 2025 मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश झाला. आगाऊ तिकिटं काढलेली माणसं बँकांच्या मागं धनकोंच्या रांगेत उभी राहिली. आपला पैसा दुसऱ्याच्या खात्यात जितका जास्त दिवस, तितकी जोखीम आपली.

तेव्हा आजच चार ओळी लिही: "पीएनआर अमुक, तारीख अमुक. उड्डाण कंपनीनं रद्द केलं आहे. मला क्रेडिट शेल मान्य नाही. पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी आणि रद्द होण्याचं कारण लेखी कळवावं." सोबत तिकीट आणि तो मेसेज जोड. आठवड्यात उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाक, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदव. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो किंवा धंदा करतो तिथंही दावा लावता येतो, म्हणजे तुला त्रिशूरलाच चालेल. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकीलही लागत नाही.

तुझ्याबरोबर भट्टीवरची दोन पोरंही त्याच विमानानं निघाली होती ना? तुला हे पैसे सोडून देणं परवडेल. त्यांचा त्यात महिन्याचा किती पगार गेला असेल, बघ. त्यांना ईमेल लिहिता येणार नाही आणि मालक गप्प बसला तर तेही गप्पच बसतील. म्हणून तुझा अर्ज लिहिशील तेव्हाच त्यांचेही दोन लिही, त्यांच्या नावानं, त्यांच्या खात्याचे नंबर घालून. पैसे जमा झाल्याचे मेसेज आले की तिघांचेही मला कळव.

तुझी,
आक्का