बेगम बाजारातील दोन शब्द

हैदराबादेस मुसी नदीच्या उत्तरेस बेगम बाजार ही जुनी घाऊक पेठ आहे. निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांस दिली, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. सुकामेवा, मसाले, तांब्यापितळेची भांडी यांनी येथील गल्ल्या फुलून गेलेल्या असतात. परंतु मला गोडी लागली ती येथील बोलण्याची. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, आणि मराठीचा येथील सहवास तर त्याहूनही जुना. आपला ‘नको’ येथील दखनीत ‘नक्को’ झाला. जोर देणारा ‘च’ही तिने उचलला.

संताप झाला की आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते; तेलुगू माणूस ‘ओळ्ळु मंडिंदि’, म्हणजे अंग पेटले, असे म्हणतो. दूर दक्षिण चीनमधील कँटनकडचे लोक तर भीतीने नाकपुडीतले मांससुद्धा नाहीसे झाले म्हणतात! मनाचे सांगावयास माणसाला सर्वत्र देहच जवळचा वाटतो.

एका दुकानात एक तेलुगू माता पितळी तांब्या घेऊन उभी होती. त्यावर तिच्या दिवंगत मुलाचे नाव घालावयाचे होते. दुकानदाराने मुलाचे वय विचारले, तेव्हा ती दोनच शब्द बोलली: ‘कडुपु कोत.’

‘पेट कट गया बोलती अम्मा,’ दुकानदाराने मला हळूच उलगडून सांगितले.

कडुपु म्हणजे पोट, आणि कूसही. कोत म्हणजे कापणे. भाताच्या कापणीलाही तिकडे हाच शब्द. अपत्य गमावलेल्या आईच्या दुःखाचे तेलुगूतील नाव ते हेच. आपणही लेकराला पोटचा गोळा म्हणतोच की!

मला नाईन गावची विधवा आठवली. तिच्या एकुलत्या मुलाचे प्रेत वेशीबाहेर नेत असता प्रभूला तिचा कळवळा आला, असे आपण मिस्सेत ऐकतो. संत लूकने मूळ ग्रीक शुभवर्तमानात तेथे योजलेले क्रियापद आतड्यांच्या नावावरून झालेले आहे. आपल्या घरातील वृद्ध स्त्रिया ‘आतडे तुटले’ म्हणतात. तेच शब्द तेथे अधिक शोभले असते, असे मला वाटते.

कारागिराची ठोकणी थांबली. मातेने ताज्या अक्षरांवरून बोट फिरविले, तांब्या पदराने पुसला आणि पोटाशी धरून ती गर्दीत निघून गेली.