पाव गोळी

आमच्या घरात दुखण्यावर एकच औषध. अम्मीच्या डब्यात पॅरासिटामॉलचं पाकीट कायम असतं. अब्बांचे गुडघे, माझं डोकं, शेजारच्या खालांचा ताप, सगळ्यांचा इलाज त्याच पाकिटात. म्हणून राणी पत्र्यावरून पडून लंगडायला लागली, तेव्हा मीही तिथंच हात घातला.

राणी आमची मांजर, वजन जेमतेम चार किलो. रात्री दहा वाजता जनावरांचा दवाखाना उघडा कुठला? पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे केले आणि एक कुटून रश्श्यात कालवला. लहान मुलाला अर्धी चालते, मग हिला पाव, असा माझा हिशेब. तिनं ताटली चाटूनपुसून साफ केली. मला केवढं बरं वाटलं!

फज्रला उठलो तर ती मोरीच्या कोपऱ्यात धापा टाकत होती. तोंड आणि पंजे सुजलेले. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या मातकट तपकिरी. अम्मी म्हणाली, "पडल्याचा मार आता वर आला असेल." मी गप्प बसलो.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "हिला काही दिलंत का?" अम्मी पटकन म्हणाली, "नाही हो, पाणीसुद्धा प्यायली नाही." तिला ठाऊकच नव्हतं. मला तोंड उघडायला काही क्षण लागले. त्या क्षणांची लाज अजून वाटते.

डॉक्टर रागावले नाहीत, लगेच कामाला लागले. पॅरासिटामॉलचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. मग त्याचं विष होतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासं होतं. म्हणून हिरड्या तपकिरी. एका गोळीनं मांजर दगावू शकतं. त्यावर उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन, माणसांना देतात तोच. लवकर कळलं तर उपयोग होतो.

तीन दिवसांनी राणी घरी आली, अल्हम्दुलिल्लाह. पाय दुखतच होता. त्यासाठी गॅबापेंटिन मिळालं, वजनावर मोजून. "झोपाळेल, चालताना झोकांड्या खाईल, उंचावर चढू देऊ नका," असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. मी मेलॉक्सिकॅमबद्दल विचारलं, ते शेजारच्या कुत्र्याला चालू होतं. ते म्हणाले, "कुत्र्याचं माप मांजराला लावू नका. वारंवार दिलं तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. जेवण सोडलं, उलट्या झाल्या, शी काळी झाली तर औषध थांबवून आधी मला फोन करा."

घरी परतताना रिक्षात अम्मी एवढंच म्हणाली, "तिला बोलता येत नव्हतं, बेटा. तुला येत होतं."

सहाबी अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच मांजरीच्या पिल्लाचा बाप. त्यामुळे मांजराची माया आमच्याकडे नवी नाही. मीही ती गोळी मायेनंच कुटली होती.

तुमच्याही घरी मांजर असेल तर माणसांची वेदनाशामक गोळी तिला देऊ नका, पावसुद्धा नाही. चुकून दिली गेलीच, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपणहून सांगा. कोणती, किती आणि कधी.