कवळी काढलेला चेहरा

चि. मुक्ता,


तू काढलेलं आजीचं चित्र काल पोचलं. सुरळीचा एक कोपरा पोस्टात दुमडलाच, तो आता जाड कोशाखाली दाबून ठेवलाय. सोबत लिहितेस की मैत्रिणी म्हणाल्या, ‘आजी किती उदास दिसतात!’ आणि तुला तर तसं काहीच काढायचं नव्हतं.

अगं, ती उदास नव्हती. तिने कवळी काढली होती. दुपारचं जेवण झालं की कवळी वाटीतल्या पाण्यात जाते आणि ओठांचे कोपरे खाली उतरतात. तुला दिसलं ते तू काढलंस. दुःख बघणाऱ्यांनी घरून आणलं.

यावरून मला रोझेटी आठवला. १८५०च्या दशकात लंडनच्या या चित्रकाराने, दांते गॅब्रिएल रोझेटीने, आपल्या मॉडेलला, एलिझाबेथ सिडलला, किती वेळा काढलं, याला गणती नाही. कधी ती खुर्चीत रेललेली, कधी वाचणारी, कधी खिडकीशी उभी. लाडाने तो तिला ‘गगम’ म्हणे. मित्राला, फोर्ड मॅडॉक्स ब्राउनला, त्याने अशा चित्रांनी भरलेला अख्खा खण उघडून दाखवला. हे म्हणजे त्याला एकच वेड लागल्यासारखं झालंय, अशा अर्थाची नोंद ब्राउनने १८५५च्या डायरीत करून ठेवली आहे.

त्यांतल्या बऱ्याच चित्रांत तिच्या पापण्या खाली झुकलेल्या आहेत. बघताक्षणी आपण म्हणतो, किती खिन्न! कारण पुढचं सगळं आपल्याला ठाऊक असतं: तिची खालावलेली प्रकृती, रोझेटीशी १८६० मधलं उशिराचं लग्न, मृत जन्मलेली मुलगी, आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क, जास्त घेतल्याने आलेलं मरण. हे सारं आपण मागे नेऊन १८५४च्या कागदावर ओततो. तेव्हा ती कदाचित नुसती पुस्तकात असेल. किंवा तासभर बसून मान अवघडली असेल, बाकी काही नाही.

ती स्वतः चित्रं काढायची, हे लोक विसरतात. १८५३-५४ मध्ये तिने तैलरंगात स्वतःलाच रंगवलं. त्यात स्वप्नाळूपणा औषधालाही नाही. ओठ मिटलेले, नजर थेट समोर, जराशी करडीच. रोझेटीच्या रेषेतली जवळीक मला खोटी वाटत नाही. इतक्या वेळा एकच मान, एकच केसांचा भार काढणारा माणूस खोटं कशाला काढेल? पण त्या चित्रांतला मूड त्याचा आहे, तिचा नव्हे. त्याच्या बहिणीने, ख्रिस्तिनाने, १८५६ मध्ये एका चित्रकाराच्या खोलीवर कविता लिहिली आणि कुणाचं नाव न घेता नेमकं इथेच बोट ठेवलं.

आता तुझ्या चित्राकडे येतो. रागावू नकोस. डोळे तू इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला काढावेत तसे काढलेस; बुबुळात ठरलेल्या जागी ठरलेला पांढरा ठिपका. गाल बोटाने घोटून गुळगुळीत केलास. आजीचा गाल असा कधी होता, मला तरी आठवत नाही. पण कान! बुगडीचं बुजत आलेलं भोक, ओघळलेली पाळी, मागून निसटलेली चार पांढरे केस. तिथे तुझी पेन्सिल अजिबात घाईत नाही. टोक काढून पुन्हा आलीस, परत थोडं खोडलंस, कागदाची लव उठलीय तिथे. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना तू तीच पाळी चिमटीत धरायचीस, ठाऊक आहे? नसेल. तू तीन वर्षांची होतीस.

काल संध्याकाळी चित्र आजीला दाखवलं. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘कान माझाच. पण तोंड कुणाचं रे हे?’’ मी वाटीकडे बोट दाखवलं, तर हसू आवरेना तिला.

सुट्टीत येशील तेव्हा पुन्हा बसायला तयार आहे. मात्र सकाळी, असं तिने बजावून सांगितलंय.

तुझा,
मामा