स्वभाव विचारला, हकीकत विचारली नाही

नालवाडीत मी बायकांच्या समुपदेशनाचं काम करते. माझ्या चुकीमुळे एका बाईचं नुकसान झालं. तिची ओळख पटेल असे तपशील गाळून ते इथे लिहिते आहे.

नवरा आणि सासू तिला घेऊन आले होते. "मॅडम, थे लय तापट हाय. आता हासते, घडीभरात भांडे फेकते," सासू म्हणाली. सुनेच्या हातावर कापल्याच्या खुणा होत्या. पहिल्या भेटीत ती मला बिलगून रडली, पुढच्या भेटीत माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देताना मी लिहिलं, 'बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असावा.'

निदान करणं माझं काम नव्हतं, ही एक चूक. मी तिच्याशी बोलले ते नवऱ्यासमोर, ही त्याहून मोठी. राग केव्हा येतो, त्याआधी काय घडतं, हे मी विचारलंच नाही.

पुढे ती एकटी आली तेव्हा कळलं. रात्री दाराची कडी वाजली की तिच्या अंगाला कापरं सुटायचं. लग्नाआधी नात्यातल्या एका माणसाने आणि लग्नानंतर नवऱ्याने तिच्यावर बळजबरी केली होती. भांडी फेकणं, सुन्न होऊन बसणं, झोप उडणं, सगळं तिथून आलं होतं. तोवर माझी चिठ्ठी दाखवून सासरच्यांनी लेकरू तिच्यापासून तोडलं होतं.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्येच दाखवून दिलं होतं, की दीर्घकाळ अत्याचार सोसलेल्या बायकांच्या लक्षणांवर व्यक्तिमत्त्व विकाराचा शिक्का बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' (आघातानंतरचा गुंतागुंतीचा मानसिक विकार) हे स्वतंत्र निदान आहे. जुना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, त्याची आठवण टाळणं, सतत धोका जाणवणं ही त्याची मुख्य लक्षणं. त्यांच्या जोडीला भावना न आवरणं, स्वतःला कवडीमोल समजणं आणि नाती टिकवणं जड जाणं. वरवर पाहिलं तर हे बॉर्डरलाइनसारखंच दिसतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निवाडा मानसोपचारतज्ज्ञानेच करायचा.

नालवाडीजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. ज्यांना लोक पापी म्हणून दूर लोटत होते, त्यांच्या जखमा त्यांनी धुतल्या. त्याच परिसरात राहून मी मात्र एका बाईच्या जखमेला तिचा स्वभाव ठरवलं.

आता घरच्यांना बाहेर बसवल्याशिवाय मी एकही प्रश्न विचारत नाही. हे काम करणाऱ्या प्रत्येकीला माझी विनंती आहे: बाईला एकटीला भेटा, तिची हकीकत ऐका आणि कागदावर फक्त दिसलेलं, ऐकलेलंच लिहा. मदतीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 आणि महिला हेल्पलाइनचा 181 हे क्रमांक तिच्या हाती द्या.