जीपचा जीर्णोद्धार

सेवानिवृत्त प्राध्यापकानें आपला वेळ कशांत घालवावा, याविषयीं आमच्या घरांत आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. वहिनींच्या मतें मीं रोज प्रीतिसंगमावर फिरावयास जावें. अण्णांच्या मतें वाड्याच्या जुन्या कागदपत्रांची एकदां नीट यादी करावी. आणि मुलांच्या मतें मीं वाटेल तें करावें, परंतु त्यांना संस्कृत शिकवूं नये. मागल्या गोठ्यांत पस्तीस वर्षें उभी असलेली काकांची जीप मी स्वतः दुरुस्त करणार आहें, असें मीं एकदां जेवतांना जाहीर केलें, तेव्हां या तिन्ही पक्षांत प्रथमच ऐक्य झालें. अण्णा म्हणाले, "अरे, तुला सायकलचें पंक्चर तरी काढतां येतें का?"

येत नव्हतें, हें उघडच होतें. परंतु प्रश्न पंक्चरचा नव्हता. भंगारवाला दोनदां येऊन वजनावर किंमत सांगून गेला होता. पुण्याच्या चुलतभावानें फोनवरून होकार दिला होता. अण्णांना गोठा पाडून तेथें दोन मोटारींची सोय करावयाची होती, आणि त्यांचें म्हणणें गैरवाजवी होतें असें मलाही म्हणवत नाहीं. काका जाऊन बरींच वर्षें झालीं. काकू ऐंशी ओलांडून गेलेल्या. त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, आणि त्याही आपण होऊन कांहीं बोलल्या नव्हत्या. शेवटीं पाडव्याला असा करार झाला कीं, दसऱ्यापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर अंगणांत आली तर ठेवावयाची. न आल्यास ती भंगारांत जाईल आणि मी कागदपत्रांची यादी करीन.

या जातीच्या वाहनाचा जन्म युद्धाच्या पोटीं झाला. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें हलक्या, चारही चाकांना गति मिळणाऱ्या गाडीची मागणी केली, आणि पहिला नमुना देण्यास अवघे ४९ दिवस दिले. पेनसिल्व्हानियांतील बटलर गांवच्या बँटम नांवाच्या लहानशा, डबघाईस आलेल्या कारखान्यानें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून घाईघाईनें आराखडे काढविले व मुदतींत गाडी उभी केली. मोठें काम मात्र मिळालें विलीज आणि फोर्ड या थोरांना. त्यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. बिचाऱ्या बँटमचें नांव आज किती जणांस ठाऊक आहे? आपल्याकडे १९४५ सालीं ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी निघाली व १९४७ पासून मुंबईंत विलीज जीपची जोडणी सुरू झाली. फाळणी झाली, भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं कंपनीच्या नांवांतील दुसरा शब्द बदलून ती ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. दुकानाच्या पाटीवरील एका शब्दांत केवढा इतिहास दडलेला असतो पाहा!

आमची गाडी १९६२ सालीं नोंदलेली, ‘सीजे-३बी’ या जातीची आहे. हिचें बॉनेट युद्धांतल्या जीपपेक्षां चांगलेंच उंच असतें. कारण असें कीं, १९५३ सालीं विलीजनें जे नवें इंजिन या गाडीस बसविलें, त्यांत हवा आंत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या माथ्यावर आल्या. इंजिनाची उंची वाढली आणि डोक्यावरचें झांकण उंच करावें लागलें. दिसण्यास तें जरा बेढबच आहे. परंतु पगडी बेढब असली तरी आंतला मेंदू चांगला असूं शकतो, हें आपल्या वाचकांस मीं सांगावयास नको.

गोठ्याचें दार उघडून पाहिलें तेव्हां मात्र माझा उत्साह मावळला. जेथें पूर्वी गुरें बांधलीं जात तेथली भुई बारा महिने ओलसर व खारट. शिवाय कृष्णाकांठचा पावसाळा. पायाखालचा पत्रा अंगठ्यानें दाबला असतां बिस्किटासारखा मोडत होता. बॅटरीच्या तबकाखालीं आम्ल गळून तेथें तबकच राहिलें नव्हतें. गंजाची मोठी खोडी अशी कीं, तो लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. तांब्याच्या बंबावर चढणारी काळी पुटें धातूला चिकटून राहतात आणि आंतल्या धातूचें रक्षण करतात. गंज मात्र फुगतो, पापुद्र्यांनीं गळून पडतो, आणि खालचें ताजें लोखंड पुन्हां हवापाण्याच्या स्वाधीन करतो. खारेपणा असला तर ही क्रिया झपाट्यानें चालते.

कऱ्हाडांत जुन्या जीपगाड्यांची नाडी ओळखणारे एक वृद्ध मेस्त्री आहेत. ते आले, गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली, चासिसच्या दोन्ही पट्ट्यांवर हातोडीनें ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "सर, हाडं चांगली हायत. कातडं गेलंय. कातडं मिळतंय." मग त्यांनीं मला नियम घालून दिले. आधीं धुवावयाचें, मग प्रत्येक भागाचें छायाचित्र काढावयाचें, मग प्रत्येक नट-बोल्ट ज्या जागेचा त्या जागेच्या नांवाच्या डब्यांत ठेवावयाचा, आणि पाना हातांत घ्यावयाचा तो सर्वांत शेवटीं. पाणिनीचीं सूत्रें आयुष्यभर शिकविलेल्या मनुष्यास ही शिस्त आवडली. डबे वहिनींच्या फराळाचे निघाले. त्यांतला एकही स्वयंपाकघरांत परत येणार नाहीं, या अटीवर ते मिळाले.

जाम झालेला बोल्ट ही चीज अनुभवल्यावांचून कळत नाहीं. त्यावर रॉकेल व तेलाचें मिश्रण तीन-तीन दिवस थेंबथेंब सोडावें, अधूनमधून हलक्या हातानें ठोकावें, आणि पाना लावल्यावर आधीं किंचित् आवळावा व मग सैल करावा. आवळतांना गंजाची पकड तुटते. त्यानेंही न भागलें तर जाळ. डाव्या चाकांना हात लावण्यापूर्वींच मेस्त्रींनीं मला थांबविलें व त्यांच्या खुंट्यांच्या टोकांवर कोरलेलें ‘एल्’ हें अक्षर दाखविलें. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे चाक पुढें फिरतांना नट आपोआप सैल होऊं नये. तेथें नेहमींच्या दिशेनें जोर लावणारा पहिलवान नट सोडवीत नाहीं, खुंटी मोडतो. आमचे मेस्त्री अशा पुष्कळ पहिलवानांना ओळखतात.

लहान भागांसाठीं माझ्या अकरावींतल्या नातीनें एक युक्ति काढली. अंगणांत प्लास्टिकचें घंगाळ, त्यांत पाणी व धुण्याचा सोडा. गंजलेली बिजागरी बॅटरीच्या चार्जरच्या ऋण टोकास, आणि लोखंडाचा एक टाकाऊ तुकडा धन टोकास. प्रवाह सुरू झाला कीं बिजागरीवर बुडबुडे येतात, आणि रात्रभरांत गंज सैल होऊन ब्रशानें धुतां येतो. हे बुडबुडे हायड्रोजनचे असल्यानें हा प्रयोग उघड्यावरच करावा. आणि टाकाऊ तुकडा स्टेनलेस स्टीलचा कधींही घेऊं नये, कारण त्यांतील क्रोमियमचें विषारी संयुग पाण्यांत उतरतें. पाण्यावर तरंगणारा तो लाल फेंस पाहून काकूंनीं, "हें तुळशीला घालूं नकोस हो," एवढेंच म्हटलें. मात्र त्या दिवसापासून त्यांची खुर्ची मागल्या ओटीवर येऊं लागली.

स्वच्छ झालेल्या लोखंडाला लगेच प्रायमर लावावा लागतो. पूर्वी यासाठीं शेंदूर वापरीत. आपल्या मारुतीच्या अंगावरचा हा शेंदूर म्हणजे शिशाचें ऑक्साइड. तेलांत खलून पिढ्यान् पिढ्या तो पुलांना व जहाजांना गंजरोधक म्हणून लावीत. विषारी म्हणून तो आतां मागें पडला. त्याच्या जागीं आलेला तांबडा प्रायमर, ज्याला सगळे ‘रेड ऑक्साइड’ म्हणतात, तो मात्र लोहाचेंच ऑक्साइड, म्हणजे नात्यानें गंजाचाच चुलतभाऊ. घरच्या उपद्रवी मनुष्याला आवरण्यास कधीं कधीं त्याच्याच चुलतभावाला पुढें करावें लागतें, हा एकत्र कुटुंबाचा अनुभव रसायनशास्त्रासही मान्य दिसतो.

इंजिन अडकलेलें होतें. मेस्त्रींनीं चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरांत तेल ओतलें आणि आठ दिवस कोणीं हात लावावयाचा नाहीं असें बजाविलें. नवव्या दिवशीं पुढून हँडल घालून हळूच दाब दिला; पिस्टन केसभर हलले. हँडलावर अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूस ठेवूं नये. इंजिनानें उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. पुढच्या पंधरा दिवसांत कार्ब्युरेटर उघडला, नवें गॅस्केट आणलें, आणि ड्रायव्हरच्या आसनाखालची पेट्रोलची टाकी काढून तींत बारीक खडी व सोड्याचें पाणी घालून मीं व नातीनें ती पाळण्यासारखी हलवून धुतली. १-३-४-२ हा ठिणगीचा क्रम नातीनें पाढ्यासारखा पाठ केला.

दसऱ्याला गाडी अंगणांत आली. ढकलत आली, हें खरें. परंतु करारांत ‘इंजिनानें’ असा शब्द नव्हता, आणि अण्णांनीं उदारपणें तो मुद्दा सोडून दिला. दिवाळीनंतर एका सकाळीं ती सुरूही झाली. धूर इतका झाला कीं शेजारच्या वाड्यांतून चौकशी आली.

खरा पेंच पडला तो डेंटर आल्यावर. गाडीच्या उजव्या पुढल्या मडगार्डावर एक मोठा पोचा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनेचा भूकंप झाला, त्यांत सुमारे १८० माणसें गेलीं. काका त्या वेळीं कोयनानगरला कामावर होते आणि त्यांच्या बिऱ्हाडाच्या भिंतीचे दगड या मडगार्डावर पडले, एवढें आम्हां सर्वांना लहानपणापासून ठाऊक होतें. डेंटर हातोडी घेऊन बसला, आणि मीं त्याला थांबविलें. हा इतिहास आहे, तो पुसावयाचा नाहीं, असें माझें मत. अण्णा तर मजहून आग्रही. आल्यागेल्यास ते तो पोचा बोट ठेवून दाखवूं लागले होते.

काकू ओटीवरून म्हणाल्या, "पोचा ठेवणार म्हणतां?"

"होय काकू. काकांनींसुद्धां तो कधीं काढूं दिला नाहीं."

"त्यांनीं दिला नाहीं, हें खरें." मग थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. "शेजारच्या बिऱ्हाडांत चार वर्षांची पोर होती. रोज संध्याकाळीं त्या मडगार्डावर चढून बसे. तुझे काका तिला हॉर्न वाजवूं देत. त्या पहाटे आमची भिंत बाहेर पडली, त्यांची आंत पडली. याच गाडींतून तिला कऱ्हाडला आणली. मांडीवर माझ्याच होती. उंब्रजच्या अलीकडे गेली."

आम्हीं कोणीं कांहीं बोललों नाहीं. डेंटरनें हातोडी खालीं ठेवली होती.

"दर दसऱ्याला मी या गाडीला कुंकू लावीत आलें, तें त्याच्याकडे पाहून. तो ठेवणें हें यांचें व्रत होतें रे. माझें नव्हतें. यांना कधीं म्हणवलें नाहीं. आतां काढून टाका."

ज्या गाडीसंबंधानें आम्ही सहा महिने घरांत मतें देत होतों, तिच्याविषयीं मत देण्याचा खरा अधिकार कोणाचा होता, तें त्या दिवशीं कळलें. मूळ स्वरूप, मूळ स्वरूप म्हणून मी जो घोष करीत होतों, त्या दृष्टीनेंही १९६२ सालीं हें मडगार्ड सपाटच होतें. अण्णांना मात्र तें पटण्यास वेळ लागला. दोन दिवस ते मागल्या अंगणांत फिरकले नाहींत.

पोचा काढणें सोपें नव्हतें. आंतून ठोकळा लावून बाहेरून हातोडी मारतां मारतां पत्रा उठतो. परंतु इतका खोल पोचा पडला म्हणजे पत्रा ताणलेला असतो व तो फुगीर राहतो. मग तो भाग लालसर तापवून ओल्या फडक्यानें एकदम थंड करावा लागतो, म्हणजे आकसतो. असें डेंटरनें पांच ठिकाणीं केलें. वरून पातळ लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर, आणि जुन्या रंगाच्या तुकड्याशीं जुळवून घेतलेला करडा-हिरवा रंग. डोळ्यांना आतां कांहीं दिसत नाहीं. हात फिरविला असतां किंचित् लहर लागते.

सध्यां कागदपत्रांचा अध्याय चालू आहे. २०२१ च्या जुलैंत केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा होऊन ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं ‘व्हीए’ या अक्षरांची निराळी नोंदणी सुरू झाली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क व दहा वर्षांची मुदत. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास चालत नाहीं, प्रदर्शनास, रॅलीस, पेट्रोल भरण्यास वा दुरुस्तीस तेवढी रस्त्यावर आणतां येते. काकांचें नोंदणीपुस्तक अण्णांनींच शोधून दिलें. तें वाड्याच्या त्या कागदपत्रांतच होतें, आणि त्या निमित्तानें यादीचींही आठ पानें लिहून झालीं आहेत. पुढल्या डाव्या चाकाचा ब्रेक अद्याप गळतो. त्याचीं रबरें पुण्याहून यावयाचीं आहेत, आणि तोंपर्यंत गाडी अंगणाबाहेर उतारावर न्यावयाची नाहीं, अशी मेस्त्रींची सक्त ताकीद आहे.